हळदीची कॅप्सूल, धोतऱ्याच्या कुळातला थेंब आणि भावाचा डोळा

मी इंदूरला एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नसी शिकवते, म्हणजे झाडापाल्यातली औषधी द्रव्यं, आणि ही केस माझ्या मावसभावाची आहे. त्याला आणि मावशीला विचारूनच लिहितेय, नावं टाकत नाही. लिहायचं कारण असं की यात जी गडबड झाली तिला लागणारी माहिती माझ्याकडूनच गेली होती, आणि ती खोटी नव्हती, अर्धी होती.

भाऊ ३४ वर्षांचा, राजेंद्र नगरला राहतो, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स बघतो, दिवसभर एक्सेल. गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी उठला तर उजवा डोळा लाल, आतून ठणका, आणि खिडकीचा पडदा सरकवला तर उजेड सहनच होईना. घराजवळच्या मेडिकलवाल्याने बघून सांगितलं आय फ्लू आहे आणि अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले. तीन दिवस तेच घातले, फरक शून्य. इथे एक गोष्ट सांगून ठेवते कारण हे तीन दिवस बऱ्याच लोकांचे असेच जातात: डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, पापण्या चिकटतात, आणि बहुतेक वेळा एकाचे दुसऱ्या डोळ्याला होतं. याच्या डोळ्यातून घाण अजिबात नव्हती, लाली बुबुळाच्या कडेने गोल रिंगणासारखी होती, बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा बारीक दिसत होती, आणि दुखणं खोल होतं. असं असलं की मेडिकलवर नाही, थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं आणि त्याच दिवशी.

चौथ्या दिवशी गेला. स्लिट लॅम्पवर (डोळा बारकाईने बघायचं यंत्र) बघितल्यावर डॉक्टरांनी युव्हिआयटिस सांगितला, त्यातला पुढच्या भागाचा, ज्याला आयरायटिस पण म्हणतात. म्हणजे काय तर बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याच्या मागचा भाग सुजतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी डोळ्यातल्या पाण्यात उतरतात, आणि प्रकाशाच्या झोतात त्या उन्हातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात. डॉक्टर त्या अक्षरशः मोजतात, एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या झोतात किती दिसतात ते, आणि २००५ पासून याची जगभर एकच मोजपट्टी आहे: ६ ते १५ पेशी म्हणजे १ प्लस, १६ ते २५ म्हणजे २ प्लस, २६ ते ५० म्हणजे ३ प्लस, त्याच्या वर ४ प्लस. याच्या ३ प्लस होत्या. नजर ६/१८ (नीट नजर म्हणजे ६/६). आणि खालच्या बाजूला, घड्याळाच्या पाच ते सातच्या जागी, बुबुळ मागच्या भिंगाला चिकटायला लागलं होतं. ही चिकटण्याची गोष्ट गंभीर असते, बाहुली चारी बाजूंनी चिकटली तर आतलं पाणी पुढे यायचा रस्ताच बंद होतो आणि प्रेशर झपाट्याने वाढतं.

औषध दोन. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, हे स्टेरॉइड, दर तासाला, बाटली नीट हलवून (हे सस्पेन्शन असतं, हलवली नाही तर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी). आणि ॲट्रोपिन १ टक्का, बाहुली मोठी ठेवायला, म्हणजे बुबुळ चिकटायला जागा मिळत नाही आणि आतल्या स्नायूला आराम मिळून दुखणंही कमी होतं. शिवाय रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि मांटू टेस्ट (टीबीसाठी हातावर टोचून बघतात ती) लिहून दिल्या, कारण आपल्याकडे टीबी डोळ्यातही अशी सूज आणू शकतो.

आठवड्याने पुन्हा तपासणी, पेशी १ प्लसवर, नजर ६/९. डॉक्टरांनी ड्रॉप्स दर दोन तासांवर आणले आणि पुढचे सहा आठवडे हळूहळू कसे कमी करायचे ते कागदावर लिहून दिलं. इथपर्यंत सगळं छान.

मग संक्रांत आली. मी तिळगूळ घेऊन मावशीकडे गेले. डोळा बराच निवळला होता पण भाऊ वैतागलेला, कारण ॲट्रोपिनमुळे जवळचं काहीच दिसत नव्हतं, एक्सेलचे आकडे धूसर, आणि बाहुली एवढी मोठी की ऑफिसात सगळे विचारतात. आणि मावशी घाबरलेली, तिची भीती मात्र खरी होती. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे भावाच्या आजोबांनी, डोळ्याला खाज यायची म्हणून कुणीतरी एकदा लिहून दिलेले स्टेरॉइड ड्रॉप्स वर्षानुवर्षं स्वतःच विकत घेऊन घातले होते, चिठ्ठी नाही, तपासणी नाही, आणि काचबिंदूने त्यांची एका डोळ्याची नजर गेली. त्या घरात स्टेरॉइड हा शब्दच वाईट. मावशी म्हणाली, "अगं तू एवढं झाडापाल्याचं शिकवतेस, डोळ्याच्या सुजेवर आपल्यातलं काहीच नाही का?"

आणि मी सांगितलं की आहे ना, हळदीतल्या कर्क्युमिनवर लखनौच्या मेडिकल कॉलेजमधे याच आजारावर काम झालंय, १९९९ मधे छापून आलंय, बारा आठवडे कर्क्युमिन दिलं आणि पेशंट सुधारले. एवढं बोलले, पोळी खाल्ली, घरी आले.

दोन दिवसांनी भावाने दवा बाजारातून कॅप्सूल आणल्या, कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम अधिक मिरीचा अर्क, सकाळ-संध्याकाळ एकेक. ॲट्रोपिन तर त्याने आधीच सोडलं होतं, आता स्टेरॉइडही बंद, दिवसाला आठ वेळांवरून एकदम शून्य. मला फोन नाही, डॉक्टरला फोन नाही. त्याच्या मते त्याने औषध बंद केलंच नव्हतं, बदललं होतं. हे वाक्य तो नंतर म्हणाला आणि माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पाचव्या रात्री ठणका परत. सकाळी पेशी ४ प्लस, पाण्यात फायब्रिनचं (सुजेत तयार होणाऱ्या चिकट धाग्यांचं) जाळं, नजर ६/३६, आणि चिकटलेला भाग चारपासून आठपर्यंत पसरलेला. औषध पूर्ण शांत व्हायच्या आधी एकदम काढलं की सूज अशी उसळून येते, म्हणूनच तो कमी करत न्यायचा कागद असतो. पुन्हा दर तासाला ड्रॉप्स, पुन्हा ॲट्रोपिन, क्लिनिकमधे बसवून बाहुली मोठी करायचे थेंब परत परत. चिकटलेलं बहुतेक सुटलं. सहा वाजताच्या जागी एक टोक सुटलं नाही ते आजही तसंच आहे, आणि जिथून सुटलं तिथे भिंगावर तपकिरी ठिपके राहिलेत.

लखनौचा अभ्यास, या वेळी पूर्ण

त्या रात्री मी तो पेपर परत काढून वाचला. आता इथे सगळं लिहिते, जे संक्रांतीलाच सांगायला हवं होतं.

५३ पेशंट घेतले होते, १२ आठवडे पूर्ण केले ३२ जणांनी. डोस ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पोटातून. दोन गट: १८ जणांना फक्त कर्क्युमिन, आणि ज्यांची मांटू टेस्ट जोरात पॉझिटिव्ह होती अशा १४ जणांना कर्क्युमिनबरोबर टीबीची औषधं. पहिल्या गटात सगळे सुधारले, दुसऱ्यात ८६ टक्के. मी एवढंच सांगितलं होतं. पुढचं असं की तीन वर्षं लक्ष ठेवल्यावर पहिल्या गटात ५५ टक्क्यांना आजार उलटला आणि दुसऱ्यात ३६ टक्क्यांना, आणि गुंतागुंत होऊन पहिल्या गटातल्या ४ आणि दुसऱ्यातल्या ३ जणांची नजर गेली. लेखकांचं म्हणणं होतं की हे स्टेरॉइडच्या तोडीचं आहे आणि दुष्परिणाम नाहीत, पण समोर स्टेरॉइडवाला किंवा प्लॅसिबोवाला (नुसती रिकामी गोळी घेणारा) गटच नव्हता, त्यामुळे तोडीचं म्हणायला ज्याच्याशी तोलायचं तेच पारड्यात नाही. मोठी डबल ब्लाइंड चाचणी, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशी, व्हायला हवी असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो आजार क्रॉनिक होता, महिनोन्‌महिने रेंगाळणारा. भावाचा अचानक भडकणारा. नाव एक, पण चाल वेगळी. भडकलेल्या डोळ्यात बुबुळ चिकटायला काही दिवस पुरतात, आणि तिथे तुम्ही बारा आठवड्यांचं औषध घेऊन बसलात तर औषध चांगलं असूनही उशीर झालेला असतो.

यानंतर २०१० मधे इटलीतून एक काम आलं, १०६ पेशंट, वारंवार होणारा पुढचा युव्हिआयटिस, एक वर्ष. तिथे कर्क्युमिन फॉस्फॅटिडिलकोलीन नावाच्या स्निग्ध द्रव्याला बांधून दिलं होतं म्हणजे शोषण बरं व्हावं, आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांचा त्रास काही आठवड्यांत कमी झाला, आजार उलटायचं प्रमाणही घटलं. पण तेही नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून, त्याच्या जागी नाही. मला व्यक्तिशः हे काम जास्त पटतं, कारण प्रश्न बरोबर विचारलाय: भडका विझवायला नाही, पुढचा भडका लांबवायला हे उपयोगी पडतं का?

मावशीचा एक मुद्दा होता की हळदीत काही नसतं तर अमेरिकेने पेटंट कशाला घेतलं असतं. पेटंट मिळालं होतं १९९५ मधे, जखमेवर हळद लावायचं, आणि माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने भांडून १९९७ मधे रद्द करवलं, आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण ते रद्द झालं कारण हे ज्ञान आपल्याकडे जुनंच होतं हे सिद्ध झालं. डोळ्याच्या आतल्या सुजेवर हळद चालते की नाही हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

आता मावशीच्या हळद-दुधाचा हिशोब. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरा. लखनौच्या डोसला रोज ११२५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे सदतीस-अडतीस ग्रॅम हळद, बारा चमचे, रोज. आणि तेवढी खाल्लीच तरी बहुतेक शरीरात पोचतच नाही, कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून थोडंच शोषलं जातं, जे जातं त्याला लिव्हर लगेच दुसऱ्या रूपात बदलून बाहेर काढायला घेतं. म्हणून कॅप्सूलवाले मिरी घालतात. बंगळुरूच्या १९९८ च्या कामात मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर माणसात कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्के वाढली, हा आकडा प्रत्येक डबीवर कुठे ना कुठे असतोच, पण पायपरीन हे करतं कसं तर शरीराची औषधं मोडायची यंत्रणाच मंद करून, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते, तुम्ही दुसऱ्या ज्या गोळ्या घेता त्यांचीही पातळी वर जाऊ शकते. शिवाय हळदीच्या अशा जोरदार कॅप्सूलनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीत आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल हे मी म्हणत नाहीये, फोडणीत खुशाल घाला.

मग थेट डोळ्यात थेंब का नाही? कारण डोळा ही बाहेरचं आत येऊ न देण्यासाठीच बनलेली वस्तू आहे. डोळ्यात टाकलेल्या कुठल्याही थेंबातलं ५ टक्क्यांहून कमी औषध आत पोचतं, आणि कॉर्निआत, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, तेल-पाणी-तेल असे थर असल्यामुळे औषधाला दोन्हीत विरघळता यावं लागतं. कर्क्युमिन पाण्याला घाबरतं, उजेडात आणि अश्रूंसारख्या पाण्यात मोडूनही जातं. जगभर लोक त्याला नॅनोकणात, मायसेलमधे, लायपोसोममधे (औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण) बसवायच्या मागे आहेत ते यासाठी. हे काम मला मनापासून आवडतं, माझे विद्यार्थी त्यावर प्रोजेक्ट करतात. क्वेर्सेटिन, रेझव्हेराट्रॉल, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, दारुहळदीतलं बर्बेरीन, या सगळ्यांनी प्राण्यांच्या डोळ्यातली सूज कमी केल्याचं दिसलंय, एनएफ-कप्पा-बी नावाचा जो सुजेचा मुख्य खटका आहे तो ही द्रव्यं दाबतात, टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं प्रथिन कमी होतं. पण हे प्रयोग वाचताना एक बघायचं. उंदराला जिवाणूचं एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विष) टोचून डोळा सुजवतात, ती सूज साधारण चोवीस तासांत चढते आणि काही दिवसांत आपोआप उतरतेच, आणि पुष्कळ प्रयोगांत वनस्पतीचं द्रव्य आधी दिलेलं असतं, एंडोटॉक्सिन नंतर. क्लिनिकमधे कोणी आदल्या दिवशी येऊन सांगत नाही की उद्या माझा डोळा भडकणार आहे.

(शेजारच्या एका काकूंनी हळदीचं पाणी गाळून डोळ्यात घालायला सांगितलं होतं, ते मावशीने नशिबाने केलं नाही. घरगुती रस, मध, पाणी डोळ्यात घालून कॉर्निआला जखमा आणि बुरशीचं इन्फेक्शन घेऊन येणारे लोक रोज दवाखान्यांत दिसतात. आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका, रुईचा चीक कॉर्निआच्या आतल्या पेशी मारतो, दुखत फारसं नाही पण नजर एकदम ढगाळते.)

त्याने सोडलेली बाटली

भाऊ परत बरा होत असताना एकदा म्हणाला, ताई, मला फक्त काहीतरी झाडाचं घ्यायचं होतं. मी त्याला ॲट्रोपिनची बाटली दाखवली. ॲट्रोपिन बेलाडोना नावाच्या झाडातून वेगळं केलं गेलं, १८३० च्या दशकात, आणि आपला धोतरा त्याच कुळातला, त्यातही हेच द्रव्य आहे, शेतात धोतरा उपटून तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली ताटलीएवढी होते ती यानेच. १८१९ मधे रुंगे नावाच्या तरुण जर्मन केमिस्टने मांजराच्या डोळ्यात बेलाडोनाचा अर्क घालून मोठी झालेली बाहुली खुद्द जर्मन कवी गटेला दाखवली होती, मी हे दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगते. म्हणजे त्याच्या बुबुळाला चिकटण्यापासून वाचवणारं झाडाचं औषध त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून होतं आणि तेच त्याने सगळ्यात आधी सोडलं. धोतऱ्यात विष आहे, थेंबात औषध आहे, मधे दोनशे वर्षांचं काम आहे: किती टक्के, दिवसातून किती वेळा, कुणाला द्यायचं नाही. कळलावीच्या मुळातलं कोल्चिसिन असंच आज बेहचेट नावाच्या आजारात दिलं जातं, ज्यात डोळेही सुजतात. कर्क्युमिनचं हे मधलं काम अजून व्हायचंय, एवढाच फरक आहे, पण भडकलेल्या डोळ्यापुढे तो फार मोठा फरक आहे.

मावशीची भीती किती खरी होती ते चौथ्या आठवड्यात दिसलं. डोळ्याचं प्रेशर १४ वरून ३० वर गेलं. काही लोकांत स्टेरॉइडने असं होतं आणि कुणाला होणार ते आधी कळत नाही. पण इथे दर तपासणीला प्रेशर मोजलं जात होतं म्हणून लगेच सापडलं, प्रेशर उतरवणारं टिमोलॉल सुरू झालं, स्टेरॉइड सौम्य जातीचं केलं, दोन आठवड्यांत १६ वर आलं. आजोबांचं प्रेशर कुणी मोजलंच नव्हतं. मावशी त्या दिवशी क्लिनिकमधे बराच वेळ गप्प बसून होती.

रिपोर्टमधे टीबी नव्हता, एचएलए-बी२७, म्हणजे अशा आजारांशी जोडलेली एक आनुवंशिक खूण, पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरांनी विचारलं सकाळी कंबर आखडते का. आखडायची, तीन वर्षांपासून, अर्धा-पाऊण तास, चालल्यावर मोकळी व्हायची, आणि तो ते खुर्चीच्या माथी मारत होता. एमआरआयमधे कंबरेच्या खालच्या सांध्यात सूज निघाली, म्हणजे अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (कण्याचे सांधे सुजून आखडतात त्या) घरातला आजार. डोळा हा त्याचा एक दरवाजा होता. चाळिशीच्या आत वारंवार असा डोळा भडकत असेल आणि सकाळी कंबर धरत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला कंबरेबद्दल सांगा, विचारायची वाट बघू नका. आता सांध्यांच्या डॉक्टरांनी सल्फासॅलाझिन ही सांध्यांच्या सुजेवरची गोळी सुरू केलीय, त्याने डोळ्याचे भडके कमी व्हायलाही मदत होते. कॅप्सूलबद्दल त्याने या वेळी स्वतःहून विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले की या गोळीवर लिव्हरची तपासणी करत राहावी लागते, आणि उद्या एन्झाइम वाढले तर गोळीने की कॅप्सूलने ते मला कळायला हवं, म्हणून सध्या कॅप्सूल नको.

चौदा महिन्यांत एकच भडका आला. सकाळी सात वाजता फोन, "ताई, उजेड टोचतोय," आणि साडेनऊला आम्ही क्लिनिकमधे. पेशी १ प्लस, चिकटलेलं नवीन काही नाही, कमी करत न्यायच्या तारखा या वेळी मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेका चौकोनात लिहिल्या आणि रात्री खोडत गेली. नजर ६/६.

परत येताना गाडीत भावाने विचारलं, तुझं ते लखनौवालं पुढे गेलं का गं? मी सांगितलं की मला हवी तशी चाचणी कशी असेल: एचएलए-बी२७ वाले, वारंवार भडके येणारे लोक, निम्म्यांना नीट शोषलं जाणारं कर्क्युमिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही माहीत नाही, लिव्हरची तपासणी ठरावीक दिवसांनी, आणि दोन वर्षं फक्त भडके मोजायचे. तो म्हणाला, मग मला घे त्यात.

मागच्या सीटवरून मावशीने विचारलं, "पण डोळा आला तर ड्रॉप्स चालू राहतील ना त्यात?"

राहतील, मावशी. दोन्ही गटांना.